एका खोलीची शाळा

वसईच्या किल्ल्यात जेझुइटांच्या महाविद्यालयाचे भग्नावशेष आजही पाहावयास मिळतात. त्या दगडी भिंती पाहण्यास लोक दुरून येतात. परंतु १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली त्या काळी, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, आपल्या मुलुखातील मुलांस अक्षरओळख झाली ती अशा इमारतींत नव्हे. देवळाची पडवी, एखाद्या सुखवस्तू गृहस्थाची ओसरी, नाही तर खुद्द पंतोजींच्या घरची एक खोली, हीच त्यांची शाळा. तिचे अवशेष उरले नाहीत. कारण मुले घरी गेली की तिची पुन्हा ओसरीच होई.

या शाळेत इयत्ता नव्हत्या. लहान मूल धूळपाटीवर अक्षरे गिरवी, त्याच्या शेजारी मोठा मुलगा बोरूने मोडीचे वळण घोटी, आणि पावकी, निमकी, पाऊणकीपासून औटकीपर्यंतचे पाढे सारे एका सुरात म्हणत. पंतोजी एकटेच, तेव्हा जाणत्या मुलाने नेणत्यास शिकवावे हा रिवाज आपोआपच पडला. ही रीत साधी, पण तिचे मोल परदेशातही ओळखले गेले. मद्रासेस लष्करी अनाथ मुलांची शाळा चालविणारे पाद्री अँड्र्यू बेल यांनी तिकडच्या गावठी शाळेतील मुले वाळूत बोटाने लिहिताना पाहिली. त्यांनी वाळूवरचे लेखन आपल्या शाळेत सुरू केले, मुलांकरवी मुलांस शिकविले, आणि १७९७ साली त्यावर लंडनमध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे इंग्लंडातील कित्येक शाळा या धर्तीवर चालल्या.

हा इतिहास घरबसल्या अनुभवता येतो. पाटावर बारीक वाळू पसरावी, नातवंडांना तीत अक्षरे काढू द्यावीत, आणि आजोबांनी अडीचकी म्हणून दाखवावी. थोरला धाकट्यास सांगू लागला की पंतोजींची शाळा भरलीच म्हणून समजावे.

परंतु त्या खोलीस उंबरठा होता, हेही मुलांस सांगितले पाहिजे. आजोबांच्या आजोबांनी तेथे पाढे घोकले असतील. त्यांच्या बहिणी बहुधा माजघरातच राहिल्या, आणि ज्यांना अस्पृश्य म्हटले गेले त्यांची मुले ओसरीच्या पायरीपर्यंतही पोहोचली नाहीत. आपल्यासारख्या कुटुंबांची विद्या त्या बंद दाराआडच वाढली. हे झाकून ठेवून केलेले शाळेचे कौतुक अर्धेच खरे.

तो उंबरठा ओलांडण्याचा एक थोर प्रयत्न आपल्याच पालघर जिल्ह्यात झाला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बालवैधव्य येऊनही शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. दलित वस्तीतील मुले बालवाडीकडे फिरकेनात, तेव्हा या बायकांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणात शाळा भरविली. तेथे खोलीही उरली नाही, आणि उंबरठाही. १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला.

आता कायद्याने ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेसही दोन शिक्षक लागतात, आणि एकट्या गुरुजींवरचा भार हलका व्हावा हे योग्यच आहे. तथापि २०२३ साली आपल्या राज्यात कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा आम्हांस ताराबाईंची आठवण झाली. पाड्यावरची शाळा लांब गेली तर शहरातील मुलाचे काही अडत नाही. पण सहा वर्षांच्या मुलीची वाट ओढ्यापाशीच संपते.

तेव्हा वाचकहो, सुटीत मुलांना वसईचा किल्ला अवश्य दाखवा, आणि एकदा गाडीने घोलवडला उतरून बोर्डी-कोसबाडही पाहा. शिवाय संध्याकाळी आपल्या घरी परवचा चालू असता, कामास येणाऱ्या बाईंचे मूल दाराशी उभे असेल, तर त्यासही पाट द्या. थोरल्याला शिकविण्यास आणखी एक धाकटे मिळेल.