परमुलखातील मास्तर

गोव्याचा पेडणे महाल 1788 साली पोर्तुगीज अमलाखाली गेला, आणि भाषा, दैवते व सोयरीक एक असूनही तेरेखोल नदीपलीकडची सावंतवाडी पेडण्यातल्या चोपडे गावच्या माणसाला परमुलूख ठरली. त्या परमुलखातून जे मास्तर तुटपुंज्या वेतनावर इकडच्या मराठी शाळांत आले, त्यांची नोकरी वस्तुतः सेवाच होती. आणि 1955 साली भारताने केलेल्या नाकेबंदीनंतर, परवान्यावाचून सरहद्द ओलांडणे दुरापास्त झाले असता, चतुर्थीला घरच्या गणपतीपुढे उभे राहण्याची त्यांची तळमळ किती तीव्र असेल, हे सांगायला नकोच.

गोव्याच्या मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या कारकिर्दीत गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या, तेव्हाही महाराष्ट्रातून शिक्षक आलेच. परवचा संपवून मुले पांगली आणि शापोरा नदीच्या काठी तिन्हीसांज झाली, की परक्या पडवीत एकट्याने बसलेल्या माणसाला घर आठवणे हे दौर्बल्य नव्हे, ते मनुष्यत्वाचेच लक्षण होय. आणि त्या एकटेपणावर उपाय असतो तो शेजारघरातून अगत्याने आलेल्या उकड्या तांदळाच्या पेजेचा, आज्ञापत्रांचा नव्हे.

म्हणून आज दूरदेशी खेड्यात शिकवू इच्छिणाऱ्या तरुणांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, पंधरवड्याच्या हौसेने जाऊ नका, निदान एक शैक्षणिक वर्ष द्या; आणि त्यांना बोलावणाऱ्या गावानेही केवळ खोलीची तजवीज करून न थांबता, पाहुण्या शिक्षकाला एखाद्या कुटुंबाच्या पंगतीत हक्काचे पान आणि सणाला घरी जाण्याची रजा द्यावी. मुलांना मन लावून शिकवणारा शिक्षक हवा असेल, तर त्याचे मन राखणे हे गावाचेच कर्तव्य आहे.