सडपातळ पिस्तूल आणि जाडजूड गैरसमज

शुक्रवारी रात्री एका मित्राने एक्सेल शीट पाठवली. पाच पिस्तुलं, चौदा कॉलम. वजन, रुंदी, लांबी, मॅगझिनमध्ये गोळ्या किती, ऑप्टिक बसवायची सोय आहे का, किंमत, यूट्यूबवरचं मत वगैरे. वर हिरवं-पिवळं कंडिशनल फॉरमॅटिंग. खाली एकच ओळ: "कुठलं घेऊ? उद्यापर्यंत सांग, सेल आहे."

गडी माझ्यासारखाच सॉफ्टवेअरवाला, डॅलसच्या उत्तरेला राहणारा. लॅपटॉप, कार, डिशवॉशर, मुलाचा पियानो, सगळं त्याने असंच घेतलंय. म्हणून सेलच्या आत उत्तर न देता हे लांबलचक लिहितोय. वाचून तो चिडणार आहे. चिडू दे.

आधी एक गोष्ट कबूल करतो. भीती खोटी नाही. ६ मे २०२३ च्या शनिवारी ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये आठ माणसं मारली गेली, त्यात हैदराबादची एक तरुण इंजिनियर होती. आपण सगळे त्या मॉलमध्ये गेलेलो आहोत. भारतातून आई-बाबा आले की बॅगा आणि बूट घ्यायला तिथेच नेतो. त्या आठवड्यात पॉटलकला दुसरा विषय नव्हता, आणि ज्यांनी आयुष्यात दिवाळीच्या टिकल्यांपलीकडे काही उडवलं नव्हतं ते नऊ मिलिमीटरवर बोलायला लागले. मी त्यांना हसणार नाही. मीही त्यातलाच, फक्त दोन वर्षं आधी सुरुवात केलेला.

आता पहिला गैरसमज, आणि हा पिस्तुलाचा नाहीच. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक प्रौढांना परवान्याशिवाय हँडगन जवळ बाळगता येते. हे ऐकून एच-१बी वरची आपली मुलं खूश होतात. अरे बाबांनो, राज्याचा कायदा केंद्राचा कायदा पुसत नाही! नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवायला मुळातच मनाई आहे. शिकारीचं वैध लायसन्स असे काही अपवाद आहेत, पण ते तुमच्या बाबतीत लागू होतात का हे वकिलाला विचारा, मला किंवा दुकानदाराला नको. आणि "जवळ ठेवणे" म्हणजे विकत घेणेच असं नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात गाजलेला रेहाइफ खटला आठवा. स्टुडंट व्हिसावर आलेला मुलगा, युनिव्हर्सिटीने काढून टाकल्यामुळे स्टेटस गेलेलं, आणि तो फ्लोरिडात रेंजवर जाऊन गोळ्या झाडून आला. तेवढ्यावर केस झाली. सरकारने त्याला स्वतःचं स्टेटस माहीत होतं हेही सिद्ध करायला हवं होतं, असं कोर्टाने शेवटी म्हटलं, पण तिथपर्यंत पोचायला काय काय सोसावं लागलं असेल त्याचा विचार करा. माझ्या मित्राचं ग्रीन कार्ड मार्चमध्ये आलं, म्हणून पुढचं लिहितो. नाहीतर इथेच थांबलो असतो.

तर पिस्तूल. शीटमध्ये त्याने सगळ्यात ठळक केलेला कॉलम म्हणजे रुंदी. हे पातळपणाचं वेड नवीन आहे, आणि त्यामागची इंजिनियरिंग खरंच सुंदर आहे हे मान्य करायला हवं. २०१५ मध्ये ग्लॉक ४३ आलं तेव्हा पातळ म्हणजे मॅगझिनमध्ये सहा गोळ्या, एकीवर एक सरळ रांगेत. २०१८ मध्ये सिग सावरने पी३६५ काढलं आणि जवळपास तेवढ्याच आकारात दहा बसवल्या. गोळ्या पूर्ण दोन रांगांत नाहीत, पूर्ण एका रांगेतही नाहीत, थोड्या तिरक्या एकमेकींच्या खांद्यावर. विरारच्या फास्ट लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसणाऱ्याला हे तंत्र समजावून सांगायची गरज नाही. २०१९ मध्ये स्प्रिंगफील्डचं हेलकॅट अकरा घेऊन आलं, मग स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस, आणि शर्यत सुरू झाली.

पण न्यूटन कुठे गेला? गोळी तीच नऊ मिलिमीटरची. पिस्तूल अर्ध्या किलोच्या आसपास, मूठ इतकी आखूड की करंगळी हवेत लोंबते. म्हणजे धक्का तोच, तो झेलणारं वस्तुमान कमी आणि धरायला जागाही कमी. पहिल्या गोळीनंतर नळी वर उडते, दुसरीला नेम पुन्हा शोधायचा. छोट्या स्लाईडला स्प्रिंगही बऱ्याचदा ताठ असते, ती मागे ओढताना नवख्याची दमछाक होते. छोटं पिस्तूल हे सरावलेल्या हाताचं हत्यार आहे, आणि विकलं जातं मात्र नवख्यांना. पोहायला शिकणाऱ्याला सगळ्यात छोटी ट्यूब द्यावी तसं.

बायकोला घेऊन एका दुकानात गेलो होतो. काउंटरवरच्या गृहस्थाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि न विचारता सगळ्यात चिमुकलं पिस्तूल पुढे ठेवलं. "लेडीजसाठी परफेक्ट." तिला स्लाईड पूर्ण मागे ओढता येईना. गृहस्थ माझ्याकडे बघून हसला. तिने ते खाली ठेवलं, शेजारचं ग्लॉक १९ मागितलं, आणि ते पहिल्याच झटक्यात ओढलं. नंतर दुसरीकडे रेंजवर दोन्ही आकार भाड्याने घेऊन सात यार्डांवर मारून पाहिले. मोठ्याच्या गोळ्या बशीएवढ्या जागेत. छोट्याच्या सगळ्या कागदावर होत्या एवढंच म्हणता येईल. माझ्याही, हे सांगून टाकतो.

"पण मोठं लपत नाही ना!" हा पुढचा प्रश्न. इथेच रुंदीचा कॉलम फसवतो. नळी पँटच्या आत जाते, ती थोडी लांब असली तर काही बिघडत नाही, उलट पिस्तूल स्थिर बसतं. शर्टातून उठून दिसते ती मूठ. आता आकडे बघा. ग्लॉक १९ ची रुंदी ३४ मिलिमीटर, ४३एक्सची २८. आणि उंची, म्हणजे लपवायला अवघड तोच भाग? दोन्हीची १२८! सहा मिलिमीटरसाठी आपण पंधराच्या दहा गोळ्या करून घेतो. मी सहा मिलिमीटरला शून्य म्हणत नाही. कारमध्ये तासभर बसलं की ते कमरेला कळतात, आणि लहान पंजा असेल तर पातळ मूठ खरंच नीट हातात बसते. पण लपवण्याचं निम्मं काम ताठ पट्टा आणि नीट होल्स्टर करतात, आणि मित्राच्या शीटमध्ये होल्स्टर हा शब्दच नाही. ग्लॉकला अंगठ्याने लावायची सेफ्टी नसते. ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर हीच काय ती सेफ्टी. मऊ कापडाच्या होल्स्टरमध्ये किंवा नुसतं खिशात घालून फिरणाऱ्याशी मी बोलत नाही.

आता ते जादूचे शब्द: ऑप्टिक्स रेडी. म्हणजे स्लाईडच्या वर एक खाच कापलेली, त्यावर झाकण, झाकणाला दोन स्क्रू. झाकण काढून छोटी रेड डॉट बसवायची. पुण्याचे बिल्डर पूर्वी "लिफ्टची जागा सोडलेली आहे" म्हणायचे त्यातला प्रकार. बरं, सगळ्या खाचा सारख्या असाव्यात की नाही? नाही. मोठ्या पिस्तुलांची आरएमआर पद्धतीची खाच पातळ स्लाईडवर मावत नाही, म्हणून पातळ्यांसाठी आरएमएससी, आणि होलोसनची के नावाची, जवळजवळ तशीच पण अगदी तशी नाही. मधे प्लेट घाला नाहीतर खुंट्या घासा. नोकियाची जाड पिन आणि बारीक पिन आठवते? तेच.

रेड डॉट वाईट नाही. चाळिशी लागलेल्या माणसाला पुढची साइट धूसर दिसते, त्याला ती वरदान आहे, कारण नजर समोरच्यावर ठेवायची आणि ठिपका आपोआप तिथे दिसतो. पण आपल्या धंद्यातल्या निम्म्यांना चष्मा आहे. अस्टिग्मॅटिझम असेल तर ठिपका ठिपका दिसतच नाही, फुटलेल्या अनारसारखा दिसतो. (फोनच्या कॅमेऱ्यातून बघा. तिथे गोल दिसला तर दोष डोळ्याचा, पैसे परत मागू नका.) आणि नवख्याने पिस्तूल उचललं की त्या नखाएवढ्या काचेत ठिपका सापडतच नाही. मनगट थोडं वाकडं झालं की ठिपका गायब, मग बदकासारखी मान हलवत शोधायचा. यावर उपाय म्हणजे रिकामं पिस्तूल, दोनदा तपासलेलं, गोळ्या दुसऱ्या खोलीत, आणि रोज दहा मिनिटं उचलायचा सराव, काही महिने. तेवढं करणार असाल तर पहिल्या दिवसापासून डॉट घ्या. करणार नसाल तर त्या खाचेचे जादा पैसे गोळ्यांवर खर्च करा. "पुढे-मागे बसवू" म्हणणाऱ्यांची झाकणं मी बरीच पाहिली आहेत, धूळ बसलेली.

टेक्सासच्या परवान्याची परीक्षा आता सक्तीची नाही, तरी द्या. पन्नास गोळ्या, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, २५० पैकी १७५ गुण. अवघड अजिबात नाही. पण पंधरा यार्डांवर त्या चिमुकल्या पिस्तुलाने शेवटच्या दहा मारून बघा, मग रुंदीवर बोलू.

आणि आता जे फोनवर बोलता आलं नाही ते. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६ हजारांहून जास्त आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. मॉलमधला अनोळखी माणूस आपल्याला दिसतो, हे दिसत नाही. मित्रा, तुझ्या घरात तेरा वर्षांचा मुलगा आहे. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक निष्काळजीपणे लागू देणं हा गुन्हा आहे, पण कायद्याचं सोड. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेली बोरकुटाची बरणी तुला त्या वयात सापडत होती की नाही? आणि गेल्या वर्षी लेऑफनंतर तीन महिने तू झोपला नव्हतास. रात्री दोनला मला फोन करायचास. त्या तीन महिन्यांत हे पिस्तूल घरात असतं तर मला तुझ्या फोनची नाही, फोन न येण्याची भीती वाटली असती. चौदा कॉलममध्ये लॉकबॉक्स नाही. तिची किल्ली किंवा कोड कोणाकडे, आणि असे महिने पुन्हा आले तर ते पिस्तूल कोणाच्या घरी जाऊन राहील, हे नाही. माझ्या घरी चालेल. हे आत्ताच, लेखी सांगून ठेवतो.

त्या पाचांपैकी कुठलं, तर सगळ्यात छोटी दोन आधी खोड. पूर्ण मूठ असलेली तीन उरतात, त्यातलं तुझ्या हाताला बसेल ते. आणि वहिनींच्या हातालाही, कारण घरात राहणार ते दोघांच्या. सेल दर महिन्याला असतो.

हे पोस्ट करायच्या आधी त्याला वाचायला पाठवलं. दोन तास उत्तर नाही. मग शीट परत आली, पंधरावा कॉलम जोडलेला: "लॉक". खाली पाचही रकाने रिकामे. रविवारी सकाळी नऊला रेंजवर भेटतोय, तीन पिस्तुलं भाड्याने घेणार आहोत. वहिनीही येणार आहेत.