रिकामे खोके आणि पावणेचार इंची माणसे

१९७७ च्या नाताळात अमेरिकेत एक अजब भेटवस्तू विक्रीला आली होती. वरून छान रंगीत पाकीट, आत पुठ्ठ्याचे एक चित्र, थोडे स्टिकर्स आणि एक प्रमाणपत्र. खेळणे नाहीच! प्रमाणपत्र भरून टपालात टाकायचे, म्हणजे पुढच्या वर्षी चार बाहुल्या घरपोच येणार. आपल्याकडे एखाद्या दुकानदाराने असा उद्योग केला असता, तर गिऱ्हाइकांनी त्याचे काय केले असते ते सांगायला नको. तिकडे मात्र आईबापांनी ही पाकिटे चक्क विकत घेतली.

त्याला कारण होते जॉर्ज ल्यूकसचा 'स्टार वॉर्स' हा सिनेमा. २५ मे १९७७ रोजी तो प्रदर्शित झाला आणि पोरांना त्याचे वेडच लागले. खेळणी बनविण्याचा परवाना होता सिनसिनाटी शहरातील केनर कंपनीकडे. पण सिनेमा इतका चालेल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते, त्यामुळे नाताळपर्यंत बाहुल्या तयार होणे शक्य नव्हते. मग निघाली ही रिकाम्या पाकिटाची युक्ती. ल्यूक स्कायवॉकर, राजकन्या लिआ, केसाळ च्यूबाका आणि आर टू-डी टू हा बुटका यंत्रमानव अशी चौकडी १९७८ मध्ये टपालाने मुलांच्या हाती पडली. आज ते पाकीट प्रमाणपत्रासह जसेच्या तसे कोणाकडे निघाले, तर संग्राहक त्यावर उड्या टाकतात.

बाहुल्यांची उंची पावणेचार इंच, म्हणजे साधारण साडेनऊ सेंटिमीटर. त्याआधी मुलग्यांसाठीच्या अशा बाहुल्या बहुधा आठ किंवा बारा इंची असत. पण या सिनेमात माणसांइतकीच महत्त्वाची होती अवकाशयाने. बारा इंची माणूस बसेल असे यान करायचे तर ते दिवाणखान्यात मावले नसते! कंपनीच्या प्रमुखांनी अंगठा आणि तर्जनी ताणून "एवढी करा" असे दाखविले आणि तेच माप ठरले, अशी कथा सांगतात. छोटी बाहुली सुमारे दोन डॉलरला मिळे. एक घेतली की दुसरी हवी, दुसरी घेतली की तिसरी. १९८५ पर्यंत ही मालिका नव्वदच्या वर गेली. १९८२ मध्ये 'जी. आय. जो' हा बारा इंची शिपाईसुद्धा पावणेचार इंचांवर आला. पुढे चेन्नईच्या फनस्कूलने हे छोटे शिपाई भारतात काढले, आणि आपल्या पोरांनी मातीत लोळविलेले ते शिपाई आज परदेशी संग्राहक शोधत असतात. तुमच्या माळ्यावरचा डबा टाकून देण्याआधी एकदा उघडून पाहा, एवढेच सुचवितो.

आता जुन्या बाहुलीला किंमत येते ती कशामुळे? खरे सांगायचे तर ज्या बाहुलीशी कोणी खेळलेच नाही, ती सर्वांत महाग. पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकच्या फुग्यात बंद, कोपरे न दुमडलेले, दुकानाची किमतीची चिठ्ठी न फाटलेली. पुठ्ठ्याच्या मागे छापलेल्या बाहुल्यासुद्धा मोजतात. मागे बाराच चित्रे असली तर तो सुरुवातीचा माल. तज्ज्ञ मंडळी शंभरपैकी गुण देतात आणि बाहुली पारदर्शक पेटीत कायमची बंद होते. चाळीस-पन्नास वर्षांचे खेळणे, आणि एकाही मुलाचा हात त्याला लागलेला नाही! मला हा प्रकार जरा केविलवाणा वाटतो. हाताचे सांधे सैल झालेला, नाकाचा रंग उडालेला ल्यूक मला जवळचा वाटेल. बाजाराचे मत अर्थातच वेगळे आहे.

सुटी बाहुली घ्यायची तर तिचे सामान पूर्ण हवे. पिस्तूल नखाएवढे, म्हणून तेच आधी हरवते. मग नकली पिस्तुले विकणारे आलेच. अनुभवी लोक पिस्तूल पाण्यात टाकून पाहतात. अस्सल बहुधा तरंगते, नकली पुष्कळदा बुडते. पण अस्सलमध्येही बुडणारी असतात, तेव्हा या एकाच परीक्षेवर विसंबू नये. सर्वांत जास्त फसवणूक होते ती जावा नावाच्या ठेंगू बाहुलीत. सुरुवातीला तिला प्लॅस्टिकचा झगा होता. तो फारच स्वस्तातला दिसतो म्हणून कंपनीने लवकरच कापडी झगा दिला. साहजिकच प्लॅस्टिकवाली दुर्मिळ झाली. मग काही महाभाग बेन केनोबी या म्हाताऱ्याचा झगा कापून जावाला घालू लागले. शिंपीकाम एवढे महाग कुठेच नसेल.

आणि बोबा फेट? १९७९ मध्ये टपालाने द्यायच्या या बाहुलीच्या पाठीवरून स्प्रिंगने क्षेपणास्त्र उडणार, अशी जाहिरात झाली होती. पण त्याच सुमारास दुसऱ्या एका खेळण्याचे क्षेपणास्त्र घशात अडकून एक मूल दगावले. केनरने बेत बदलला आणि क्षेपणास्त्र पक्के चिकटवून टाकले. उडणाऱ्या क्षेपणास्त्राचे नमुने तेवढे उरले. त्यांतला एक २०२४ मध्ये अमेरिकेतील लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरला गेला. आपल्या हिशेबाने सव्वाचार कोटी रुपयांच्या वर. तो दुकानात कधी आलाच नव्हता.

एवढा पैसा आला की माणसे बदलतात. स्टीव्ह सॅन्सवीट हे नाव या छंदात आदराने घेतले जाते. आधी पत्रकार, नंतर ल्यूकस यांच्याच कंपनीत नोकरी. कॅलिफोर्नियात पेटलुमा येथे पूर्वीच्या कोंबड्यांच्या फार्मवर त्यांनी आपला संग्रह मांडला. जगातील सर्वांत मोठा स्टार वॉर्स संग्रह म्हणून गिनेस बुकाने त्याची नोंद केली. लोकांना ते स्वतः फिरून सारे दाखवीत. २०१७ मध्ये त्यांनी जाहीर केले की शंभरहून अधिक वस्तू चोरीला गेल्या आहेत, त्यांची किंमत दोन लाख डॉलरच्या घरात आहे, आणि त्यांत जुन्या बंद बाहुल्याच जास्त आहेत. घेणारा कोणी भुरटा चोर नव्हता. ज्याला मित्र म्हणून जवळ केले, तोच. माग लागला तो इतर संग्राहकांमुळे. विकत घेतलेली दुर्मिळ वस्तू मुळात कोणाची, हे त्यांना ओळखता आले. वस्तू थोड्या, ओळखणारे डोळे पुष्कळ, म्हणून हे जमले.

घरात मुलांची जुनी खेळणी जपून ठेवणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. पांढरे प्लॅस्टिक उन्हाने पिवळे पडते, म्हणून काचेचे कपाट खिडकीसमोर ठेवू नये. माळ्यावरची उष्णताही वाईट. धुताना कोमट पाणी आणि साधा साबण पुरे. रंगावर घासू नये. प्रत्येक बाहुलीची पिस्तुले आणि झगे वेगळ्या पुडीत ठेवून वर नाव लिहावे. बाहुलीच्या पायावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत वर्ष आणि बहुधा देशाचे नाव असते. हाँगकाँग, तैवान किंवा मकाव. मात्र ते वर्ष हक्कनोंदणीचे असते, बनविल्याचे नव्हे. पायावर १९७७ दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. तीच बाहुली पुढे कितीतरी वर्षे त्याच साच्यातून निघत होती.