कुठलं फॉरेन?

वेसावे-मढ पुलाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘आता मढ एकदम फॉरेनसारखं होणार.’ पुलाला माझा विरोध नाही. पावसाळ्यात फेरी बंद असते, आणि डोळ्यांसमोर दिसणाऱ्या वेसाव्याला जायला मार्वे रोड, मालाड, लिंक रोड असा भलामोठा वळसा पडतो. तो रोज घालणाऱ्याला पुलाचं महत्त्व कुणी शिकवायला नको. माझं भांडण त्या ‘फॉरेन’शी आहे. कुठलं फॉरेन?

अमेरिका आणि युरोप आपण एकाच पिशवीत भरतो. आयटीत काम करणाऱ्यांना यातला फरक ऑगस्टमध्ये कळतो. युरोपातल्या टीमचे ऑटो-रिप्लाय सुरू होतात, ‘तीन आठवडे सुट्टीवर आहे’, बस. अमेरिकन टीममधला माणूस समुद्रकिनाऱ्यावरूनही मेलला उत्तर देतो. हा निव्वळ स्वभावाचा भाग नाही. युरोपीय संघात वर्षाला किमान चार आठवडे पगारी रजा कायद्यानं द्यावी लागते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात एका दिवसाचीही सक्ती नाही. तिकडे सरकार सगळ्यांसाठी एक किमान पातळी ठरवतं, इकडे ज्याचं त्यानं बघावं.

हाच फरक पाण्यावरही दिसतो, आणि तो मढवाल्यांच्या कामाचा आहे.

न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरून ब्रुकलिनला फेरी जायची. नोव्हेंबर १९६४ मध्ये व्हेराझानो पूल उघडला आणि काही दिवसांतच ती फेरी बंद झाली. त्या पुलावर पादचाऱ्यांसाठी मार्ग नाही, सायकलसाठीही नाही. आजही नाही. १९६० मध्ये सव्वादोन लाखांच्या आत असलेली बेटाची वस्ती २०२० पर्यंत पाच लाखांच्या घरात गेली. त्याच काळात, १९५६ च्या कायद्यानुसार, आंतरराज्य महामार्गांचा ९० टक्के खर्च केंद्र सरकार उचलत होतं. म्हणजे रस्ता सरकारचा, गाडी मात्र तुझी तू घे. (मॅनहॅटनला जाणारी स्टेटन आयलंडची फेरी टिकली आणि १९९७ पासून ती फुकट आहे, हेही सांगायला हवं. अमेरिकेला सगळंच जमत नाही असं नाही.)

ॲमस्टरडॅमनं १९६८ मध्ये आय नदीखालून गाड्यांसाठी बोगदा काढला. त्यातही चालायला किंवा सायकल न्यायला परवानगी नाही. पण तिथली फेरी बंद झाली नाही. २०१८ मध्ये नदीखालून मेट्रो गेली, तरीही फेरी चालूच. मुख्य रेल्वे स्टेशनच्या मागे उभं राहा, बोट येते, सायकलसकट चढा. तिकीट नाही. आणि ही बोट शहराची वाहतूक कंपनीच चालवते, म्हणजे तिथली बेस्ट म्हणा.

आता मुंबईकडे बघा. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू : तिन्हींवर दुचाकीला आणि रिक्षाला बंदी. अटल सेतूवर कारचा एका फेरीचा टोल २५० रुपये. उद्घाटनाच्या भाषणात ‘जागतिक दर्जा’ असतो, पण आपण उचललं ते १९६४ चं अमेरिकन मॉडेल, तेही तिथल्यासारखी घरोघरी गाडी नसताना. मढच्या बोटीत कोण असतं? पाट्या घेतलेल्या कोळणी, कॉलेजची पोरं, शूटिंगच्या बंगल्यांवर जाणारे लाइटमन आणि स्पॉटबॉय, आणि कडेला लावलेल्या स्कूटर. यांतल्या किती जणांकडे कार आहे?

‘पूल झाल्यावर फेरी कशाला’ असं सहज बोललं जातं तेव्हा मला तो व्हेराझानो आठवतो. फेरी म्हणजे मागासलेपण असं आपण ठरवून टाकलंय. ज्यासाठी लोक युरोपात जाऊन रील काढतात, ते इथे आधीपासून आहे. धक्का मात्र निसरडा, आणि एकाच शहरात बसचं तिकीट वेगळं, बोटीचं वेगळं.

पूल महापालिका बांधणार आणि बेस्टही महापालिकेचीच. तेव्हा नगरसेवकाला विचारायचे प्रश्न आत्ताच ठरवून ठेवा. फुटपाथ किती रुंद? दुचाकी चालणार की नाही? टोल आहे का? पूल उघडल्यावरही फेरी चालणार, हे लेखी कुठे आहे? आणि मालाड स्टेशनहून मढ जेट्टीपर्यंत येणाऱ्या २७१ सारखी बस पुलावरून अंधेरीला कधी सुटणार? कोळणीला पाटीसकट चढता येईल अशी, पूल उघडेल त्याच दिवशी.