बरं झालं म्हणण्याआधी



गेला महिनाभर काही लिहिलं नाही, म्हणून दोघीतिघींचे फोन आले. कारण घरातलंच आहे. माझी मोठी नात, लेकीची मुलगी, कॉलेजच्या बास्केटबॉल संघात खेळते. दसलक्षण पर्व संपून जेमतेम दोन आठवडे झाले असतील. सामन्यात उडी मारून खाली येताना तिचा पाय वळला आणि गुडघ्यात कट्‌कन आवाज आला. तपासणीत कळलं की एसीएल तुटलंय. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना आतून बांधून ठेवणारा हा एक स्नायुबंध. पूर्ण तुटला की सहसा आपोआप जोडला जात नाही. डॉक्टरांनी तिच्याच मांडीतला स्नायूचा दोर घेऊन नवा बंध बसवला. खेळायचं नाव किमान नऊ महिने काढायचं नाही, असं बजावलं.

लेकीचं घर पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आमचं उरवड्याचं घर बैठं, म्हणून नात आमच्याकडे आली. मधल्या खोलीत तिची कॉट टाकली. सकाळी पायाला बर्फ, मग व्यायाम, दुपारी पुन्हा व्यायाम. प्रथिनं हवीत म्हणून मुगाचं धिरडं, पनीर, ताक, हरभऱ्याच्या डाळीचं काही ना काही, आणि सगळं सूर्यास्ताच्या आत. एवढ्यात माझे दिवस गेले. आज लिहायचंय ते मात्र गुडघ्याविषयी कमी आणि आपल्या जिभेविषयी जास्त.

2 नोव्हेंबरची रात्र तुमच्याही लक्षात असेल. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. आमच्याकडे शेजारच्या दोघी, जाऊबाई, मुलं, सगळे टीव्हीसमोर. नातीची खुर्ची मधोमध, पाय स्टुलावर. शेफाली वर्माने 87 धावा केल्या, वर दोन बळीही घेतले. ती मुळात संघात नव्हतीच. आठवडाभर आधी, 26 ऑक्टोबरला, याच मैदानावर बांगलादेशाविरुद्ध चेंडू अडवायला धावताना प्रतिका रावलचा पाय ओल्या जमिनीत अडकून मुरगळला. घोटा आणि गुडघा दुखावला, म्हणून तिच्या जागी शेफाली आली. प्रतिकाने तोवर या स्पर्धेत 308 धावा केल्या होत्या. तीनच दिवस आधी न्यूझीलंडविरुद्ध तिचं शतक झालं होतं. ही मुलगी शाळेत असताना बास्केटबॉलही खेळलेली आहे, म्हणून आमच्या नातीला तिचं जास्त कौतुक.

शेफालीच्या बॅटिंगवर खूश होऊन मी टाळी वाजवली आणि म्हणाले, "प्रतिका पडली तेच बरं झालं म्हणायचं बाई!"

सगळे हसले. नात हसली नाही. त्या रात्री ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पायाला बर्फ लावत होते, तेव्हा हळूच म्हणाली, "आजी, माझ्या जागी जी मुलगी खेळतेय ना, ती चांगली खेळली तर तिच्या घरचे पण माझ्याबद्दल असंच म्हणत असतील का गं?"

माझा हात तसाच थांबला. या प्रश्नाला काय उत्तर देणार?

मैत्रिणींनो, लहानपणापासून आपण एक गणित पाठ करतो. समरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काय हे तीन. कृत, कारित, अनुमोदना हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशेआठ. कर्म येण्याच्या या 108 वाटा आणि जपमाळेचे मणीही 108. मी बी.कॉम. झाले ती हिशेबाच्या आवडीने, त्यामुळे हे गणित मला फार पूर्वीपासून आवडतं. पण त्यातला अनुमोदनेचा मणी आपण किती सहज पुढे सरकवतो! मी कुणाला पाडलं नाही, कुणाकडून पाडून घेतलं नाही. पण कुणी पडल्याचा आनंद मानला, तर तो हिशेब कोणाच्या नावावर मांडायचा?

तुम्ही म्हणाल, ही फारच ताणली गोष्ट. देश जिंकला, आनंदाच्या भरात एक वाक्य निघून गेलं. माझे यजमानही हेच म्हणाले. मला त्यांचं निम्मं पटतं. शेफालीच्या खेळाचा आनंद मानायलाच हवा. संघाबाहेर राहूनही तिने सराव सोडला नाही आणि हाक आली तेव्हा ती तयार होती. याची अनुमोदना केली तर पुण्यच. चूक झाली ती जोडण्यात. आमच्या काळी हिशेब शिकवणारे सर सांगायचे की दोन व्यवहार एका ओळीत लिहू नका, पुढे ताळा जमत नाही. शेफाली चांगली खेळली, ही एक नोंद. प्रतिका पडली, ही दुसरी. पहिलीचा आनंद आणि दुसरीचं दुःख, दोन्ही एकाच दिवशी खरं असू शकतं. मी दोन्ही एकाच ओळीत लिहून टाकली.

त्या रात्री मैदानावरच्या मुलींना हे बरोबर कळलं होतं. जल्लोषात प्रतिका चाकाच्या खुर्चीवर बसून मैदानात आली आणि सगळ्याजणी तिला मधे घेऊन नाचल्या. पदकं मात्र अंतिम सामन्याच्या वेळी संघात असलेल्या पंधराजणींनाच मिळतात असा नियम, म्हणून आधी तिचं पदक नव्हतं. त्यावर लोक चिडले, बोलले, आणि योग्यच केलं. पुढे तिला पदक मिळाल्याचं तिनेच सांगितलं. म्हणजे प्रेक्षकांचं बोलणं वाईटच असतं असं नाही. कुणाच्या बाजूने बोलायचं ते आपण ठरवायचं असतं.

नातीला भेटायला पुष्कळ माणसं आली. त्या सगळ्यांचे मी आभार मानते, कुणावर राग नाही. पण ऐकता ऐकता ते चार कषाय एकेक करून घरात येऊन बसल्यासारखे वाटले.

लोभ आधी आला. तिच्या मैत्रिणींच्या फोनमध्ये पहिलाच प्रश्न, "जानेवारीच्या स्पर्धेपर्यंत येशील ना?" विचारणाऱ्या मुली प्रेमळ आहेत. पण तिला अजून कमोडवरून एकटीला उठता येत नव्हतं. आपल्याला खेळाडू हवा असतो, तो आपल्या तारखेला. माझं माहेर सांगली. आमच्या चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालयात शिकलेली स्मृती मानधना म्हणजे आम्हा माहेरवाशिणींना घरचीच. जानेवारी 2017 मध्ये ऑस्ट्रेलियात खेळताना तिचंही एसीएल दुखावलं. पाच महिने ती मैदानाबाहेर होती आणि थेट जूनमध्ये इंग्लंडला विश्वचषकासाठी उतरली. पहिल्या सामन्यात 90, दुसऱ्यात नाबाद 106. तेव्हा आमच्या नातेवाइकांत पेढे वाटायचे बाकी होते. पुढच्या सात डावांत तिला एकदाही 20 धावा करता आल्या नाहीत. अंतिम सामन्यात ती शून्यावर बाद झाली आणि आपण 9 धावांनी हरलो. पेढ्यांची भाषा करणारी तीच तोंडं मग म्हणाली, "गुडघा धड नव्हता तर नेली कशाला?" वीस वर्षांची मुलगी, एवढ्या दुखण्यातून उठलेली. तिला सावरायला थोडा वेळ द्यावा, असं एकाही मोठ्या माणसाच्या मनात आलं नाही. त्यात मीही होते.

क्रोध तर आपल्याला प्रेमच वाटतो. अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉलचं केवढं वेड आहे ते नातीमुळे कळलं. तिथे ज्युज्यू वॉटकिन्स नावाची फार गुणी खेळाडू आहे. मार्च 2025 मध्ये लॉस एंजेलिसला, तिच्या घरच्याच मैदानावर, समोरच्या मुलींशी झटापट होता होता ती पडली आणि तिचं एसीएल तुटलं. हजारो माणसं हळहळली. आणि मग तीच माणसं उरलेला सामनाभर समोरच्या संघाच्या मुलींची हुर्यो उडवत राहिली. खेळता खेळता झालेली गोष्ट, पण लोकांना कुणीतरी गुन्हेगार हवा होता. त्या मुलीही कॉलेजातल्याच. आमच्याकडेही पहिल्या दिवशी लेकीने हेच विचारलं, "कुणी ढकललं तुला?" नात म्हणाली, "कुणी नाही गं आई, मीच चुकीची उतरले."

मानाचा मणी आपल्या बायकांच्या हातात फार वेळ असतो. "मी तरी सांगत होते, मुलींनी असले खेळ खेळू नयेत." आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान त्या वाक्यात असतं, आणि त्यासाठी पोरीचा गुडघा खर्ची पडलेला असतो. एक खरं आहे की उड्या आणि वळणं असलेल्या खेळांत ही दुखापत मुलांपेक्षा मुलींना कितीतरी जास्त होते. पण म्हणून खेळ सोडायचा, की पाय कसा टाकायचा ते शिकायचं? गुडघा आत न वळू देता, थोडा वाकवून कसं उतरावं, मांडीचे आणि कमरेचे स्नायू कसे बळकट करावेत, याचे व्यायाम आहेत. ते नियमाने केले तर धोका बराच कमी होतो. आपली मुलगी कुठे खेळत असेल तर तिच्या प्रशिक्षकांना एवढं जरूर विचारा. "नको खेळू" म्हणण्यापेक्षा हे विचारणं उपयोगाचं.

आणि माया, म्हणजे आत एक आणि बाहेर एक. हळू आवाजात लेकीला विचारलेलं, "टाके दिसतील का गं? पुढे लग्नाच्या वेळी…" यावर मी जास्त लिहीत नाही. ज्यांनी विचारलं त्याही हा लेख वाचतील, आणि मला त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जायचंय.

एकीने तर नातीसमोरच उसासा टाकला, "काय करणार, पूर्वकर्म!" आपला कर्मसिद्धांत स्वतःच्या आत बघण्यासाठी आहे, असं मी समजते. माझ्या दुःखात मी तो आठवला तर मला धीर येतो. दुसऱ्याच्या पलंगाशी बसून तोच सांगितला तर तो निकाल होतो. तिचं कर्म काय ते केवलज्ञानी जाणोत. आपल्या वाट्याला वैयावृत्त्य आहे. अभ्यंतर तपांत ते मोजलं जातं ते मुनींच्या सेवेसाठी, पण घरच्या दुखणाईताला पाणी नेऊन देताना त्याच भावाची सवय लागते.

समोरच्या संघाचा खेळाडू पडतो तेव्हा तर आपली खरी परीक्षा. जून 2019 मध्ये कॅनडात टोरांटोला बास्केटबॉलच्या मोठ्या अंतिम मालिकेत पाहुण्या संघाचा केव्हिन ड्युरांट टाचेवरची शीर तुटून खाली बसला, तेव्हा घरच्या प्रेक्षकांतून आनंदाचा गजर झाला. त्या प्रेक्षकांना गप्प केलं ते टोरांटोच्याच खेळाडूंनी, हात वर करून. मग त्याच लोकांनी ड्युरांटसाठी टाळ्या वाजवल्या. मला हे फार आवडलं. एखाद्याने हात वर केला की माणसं ऐकतात. आपल्या घरातल्या टीव्हीसमोर तो हात आपणच वर करायचा. आमच्याकडे ते काम नातीने केलं, हात वर न करता.

पर्व संपलं तेव्हा आपण सगळ्यांना "उत्तम क्षमा" म्हटलं. फोनवर शंभर जणांना पाठवलं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत मला एकीलाच, समोर बसून, ती मागावी लागली. मी म्हणाले, "बाळा, माझं चुकलं. ती पडली ते बरं नव्हतं. शेफाली खेळली ते बरं होतं." नात म्हणाली, "मला माहीत होतं आजी, तू तसं म्हणणार नाहीस दोनदा."

गेल्या रविवारी तिच्या कॉलेजचा सामना होता. तिने फोनवर पाहिला. तिच्या जागी खेळणाऱ्या मुलीने शेवटच्या मिनिटाला बास्केट केली, तेव्हा आमच्या घरात सगळ्यात मोठी टाळी मधल्या खोलीतून आली. बाहेर अंगणात भाताच्या पेंढ्या रचल्या होत्या, मी तिथे उभी राहून ऐकली. मग आत जाऊन तिचा बर्फ बदलला.