कपाकपाचा हिशेब

महाराष्ट्रात कॉफीच्या मळ्यांची गोष्ट निघाली की चिखलदऱ्याचं नाव घ्यावंच लागतं. परतवाड्याहून घाट चढून वर आलं की हजार मीटरहून अधिक उंचीवर, मोठ्या झाडांच्या सावलीत ही झुडपं वाढलेली दिसतात. इंग्रजांच्या अमदानीत ती इथे आली आणि मरियमपूरच्या बाजूला तगून राहिली. चिकमगळूर-कोडगूपुढे हे पीक मूठभरच. पण कपाशी, तूर आणि संत्र्यापलीकडे ज्या वऱ्हाडात शेतीची गोष्ट फारशी जात नाही, तिथे कॉफी पिकते याचं मला अप्रूप आहे. मी ती पितोही भरपूर. सकाळपासून दुपार टळेपर्यंत पाच-सहा कप सहज होतात, आणि ते सोडण्याचा माझा विचार नाही. म्हणूनच या सवयीतल्या धोक्यांबद्दल बोलणं मला माझं कामच वाटतं.

भरपूर कॉफी पिणाऱ्याजवळ तब्येतीचा विषय काढला की उत्तरं ठरलेली असतात. कुणाचे आजोबा नव्वदीपर्यंत ठणठणीत होते, कुणाला ‘एक दिवस जायचंच आहे’ हे पुरतं. चिखलदऱ्यात एका पॉइंटवर टपरी चालवणारे काकाजी मला म्हणाले, “भाऊ, कॉफीनं झोप उडते म्हणतात, मले तं पेल्याबिगर झोपच लागत नाही.” ते खोटं बोलत नव्हते. दिवसभर साचत जाणारं अ‍ॅडेनोसिन हे रसायन मेंदूला थकव्याची खबर देतं. ते जिथे जाऊन बसतं त्या जागा कॅफिन अडवून धरतं. रोजच अडवणूक झाली की मेंदू तशा जागा वाढवतो, आणि पिणाऱ्याला वाटतं आपल्याला काही होत नाही. झोप लागते, पण तिच्यातला गाढ भाग कमी होऊ शकतो. सकाळी अंग जड वाटतं, आणि त्यावर उपाय म्हणून पुन्हा कपच हातात येतो.

आता आकडे बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगितली आहे. दीडशे मिलिलिटर फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असतं, झटपट कॉफीत ५० ते ६५. म्हणजे फिल्टर कॉफीचे तीन-चार कप झाले की मर्यादा गाठली. झटपट कॉफीचे सहा झाले तरी तेच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी ४०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा दिली, गर्भवतींसाठी २००. अंगातलं निम्मं कॅफिन निघून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचला घेतलेल्या कपातलं निम्मं रात्री दहाला रक्तात फिरतच असतं. म्हणून दुपारनंतर मी कॉफी घेत नाही. कप कमी करण्यापेक्षा वेळ पाळणं मला जमलं.

कॉफीच्या बाजूनंही बोलायला हवं. २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आधीच्या शेकडो निष्कर्षांचा एकत्र आढावा आला. दिवसाला तीन-चार कप पिणाऱ्यांत यकृताचे आजार, टाइप-२ मधुमेह आणि एकूण मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. हे निरीक्षणातून आलेलं आहे, त्यामुळे कॉफीला औषधाचा मान देता येत नाही. पण तिला विष म्हणणंही खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१६ मध्ये कॉफीवरचा जुना संशय मागे घेतला आणि बोट ठेवलं ते ६५ अंशांहून गरम पेयांवर. अन्ननलिकेला धोका असू शकतो तो त्या चटक्याचा. धुक्यात गारठून गेलेला पर्यटक स्टीलच्या ग्लासातली वाफाळती कॉफी घाईनं घशाखाली ढकलतो. जवळची म्हातारी माणसं तीच कॉफी बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश पितात. त्यांचंच बरोबर आहे.

आपल्याकडच्या कपात आणखी एक गोष्ट असते, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. टपरीवर ग्लासात कॉफीची पूड पडते चिमूटभर, साखर पडते दोन चमचे. ती दोन्ही थेंबभर पाण्यात फेसाळेपर्यंत घोटतात आणि वरून दूध ओततात. असे सहा ग्लास म्हणजे साठ ग्रॅमच्या आसपास साखर. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला पन्नास ग्रॅमच्या जवळपास धरते, आणि पंचवीसच्या आत राहिलात तर अधिक बरं असं सांगते. माझ्या माहितीतले कितीतरी कॉफीबाज कॅफिनवर तासभर वाद घालतील, पण साखरेच्या डब्याचं नाव काढणार नाहीत. ज्या घरात मधुमेह आहे तिथे खरा धोका त्या डब्यात आहे.

आणि सगळ्यांचा कप सारखा नसतो. ज्याला पोटभर जेवण आहे, झोपायला वेळ आहे, वर्षातून एकदा रक्त तपासून घेण्याची ऐपत आहे, त्यानं सहा कप पिणं ही त्याची निवड झाली. मेळघाटात पहाटे उठून कामाला लागणारी, अंगात रक्त कमी असलेली बाई जेवणासोबत चहा-कॉफी घेते, तेव्हा त्यातली द्रव्यं तिच्या भाकरी-भाजीतलं लोह शरीरात पुरतं शोषलं जाऊ देत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. भूक मारायला म्हणून कप घेणाऱ्यांना तर दुहेरी तोटा. पोषण संस्थेनं लोहाच्या याच कारणानं जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. या सूचनेला एक पैसा खर्च येत नाही. तरी ती शहरातल्या मोबाइलवर पोचते आणि डोंगरातल्या वस्त्यांपर्यंत पोचायला वाट शोधत बसते.

‘माझं शरीर, माझी मर्जी’ हे मला मान्य आहे. सुखाची किंमत मोजून ते घ्यायचा हक्क प्रत्येकाला असावा. मात्र किंमत ठाऊक असेल तरच तिला मर्जी म्हणता येतं. नसेल तर ती फसगत ठरते. म्हणून कॉफी पिणाऱ्यांना मी ती सोडायला सांगणार नाही. छातीत धडधड होत असेल, रक्तदाब वाढलेला असेल, घरात कुणी गर्भवती असेल, तर डॉक्टरांना कपांचा खरा आकडा सांगा. दोन कमी करून सांगू नका. आणि तासाभराच्या अंतराचा हा निरोप आशाताईंनी, शाळेतल्या गुरुजींनी, आठवडी बाजारातल्या हॉटेलवाल्यांनी पुढे न्यावा. ज्यांच्याकडे निवड करायची सोय आहे, त्यांनी तरी ही माहिती स्वतःपुरती ठेवू नये.