पार्ल्याची सभ्यता आणि बेणारेबाई

पार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला निघालेल्या हौशी मंडळींच्या गप्पा कानी पडल्या आणि विजय तेंडुलकरांना ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ सुचलं. १९६७ साली ते रंगमंचावर आलं. नाटक घडतं एका खेड्यात, पण त्यातली माणसं शहरी मध्यमवर्गातली आहेत. लीला बेणारे या अविवाहित शिक्षिकेवर खेळ म्हणून भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो आणि बघता बघता तिचं खरं खासगी आयुष्य चव्हाट्यावर येतं. मला मात्र तिच्याइतकाच बाळू रोकडे महत्त्वाचा वाटतो. नाटकातल्याच काशीकरांच्या आश्रयानं वाढलेला हा तरुण तिच्याविरुद्ध साक्ष देतो. ज्याचं शिक्षण आणि पोट दुसऱ्याच्या हाती, तो बंड कशाच्या बळावर करणार?

कुणी म्हणेल, पार्ल्यातल्या अशाच मध्यमवर्गीय, चाकोरीतल्या माणसांनी १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ उभा केला. चाकोरीची शिस्त नसती तर हे झालं असतं का? त्या कामाचं मोल मोठंच आहे. पण शाळा चालवायला वर्गणी, वेळ आणि चिकाटी लागते. शेजारच्या मुलीकडे कोण येतं-जातं, यावर पाळत लागत नाही. आजही एकट्या मुलीला भाड्यानं घर देताना सोसायट्या तिच्या पाहुण्यांची चौकशी करतात. ती चौकशी सोसायटीच्या कार्यकारिणीनं आता थांबवावी. भाडं वेळेवर येतं का, एवढंच विचारावं.